बिबट्या मला ऐकायला यायचा

मी टेप बोलतोय. खोक्यावर माझं नाव टू-इन-वन असं छापलेलं होतं, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट दोन्ही एकाच पोटात. पण निमगाव साव्यात मला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. टेप लाव, टेप बंद कर, टेपला हात लावू नको, पस्तीस वर्षं एवढंच ऐकत आलो. सध्या मी खताच्या रिकाम्या गोणीत आहे. सोबतीला एक फुटकी बादली आणि पाण्याच्या मोटारीची जळकी तार. भंगार घेऊन त्या बदल्यात लसूण देणारा टेम्पोवाला आमच्या वस्तीवर पंधरा दिवसांनी येतो. तो आला की आम्ही तिघं जाणार.

जायच्या आधी मनातलं सांगून टाकतो. आजवर मी फक्त दुसऱ्यांचं बोललो. पुण्याहून कुणीतरी बोलायचं आणि मी ते इथं पोचवायचो. स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलायची गरज आयुष्यात एकदाच पडली आणि नेमकं तेव्हाच मला बोलता आलं नाही. ते अजून छातीत सलतंय.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. शुद्धीवर आलो तो नारायणगावात, शांतीलालशेटच्या दुकानात, काचेच्या कपाटात. रखमाजी दुकानात आला होता पंखा घ्यायला. उन्हाळा होता, नवीन लग्न झालेलं, बायकोनं बजावून पाठवलं होतं. शेटजींनी पंखा दाखवायच्या आधी माझं बटण दाबलं. रखमाजी तिथंच स्टुलावर बसला.

"पावणं, पंखा वारा देतो," शेटजी म्हणाले. "हा सोबत देतो. बघा काय न्यायचं ते."

जीपमध्ये पंधरा माणसं होती. रखमाजीनं मला मांडीवर घेतलं आणि घरापर्यंत कुणाचा धक्का लागू दिला नाही. दारात अंजना उभी होती, पदरानं वारा घेत.

"पंखा कुठंय?"

"ह्याच्यात गाणी हायेत."

"गाण्यानं घाम वाळतोय व्हय?"

आणि तिनं अबोला धरला. अंजनाचा अबोला म्हणजे साधं काम नव्हतं. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रखमाजी अचानक शेतातून आला तर बाई माझं बटण दाबून, भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली. तो हसला, ती लाजली आणि अबोला सुटला. पुढं तिनं मला निळ्या दोऱ्याचं विणलेलं झाकण केलं. पंखा मात्र दोन वर्षांनी आला.

ते दिवस माझे होते, हे मी जरा तोऱ्यातच सांगतो. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की रखमाजी माझ्यासमोर मांडी घालून बसायचा आणि उलट उत्तरं द्यायचा. आतून शेतीतज्ज्ञ सांगायचे की टोमॅटोला पाणी बेतानं द्यावं. हा म्हणायचा, "आरं बाबा, लाइट तर येऊ दे आदी." अंजना भाकऱ्या थापता थापता हसायची. शेजारचा गेणभाऊ बातम्यांना यायचा आणि बातम्या संपल्या तरी उठायचा नाही. मी बंद झालो तरी माझ्यावरून सुरू झालेलं बोलणं चालूच राहायचं. मी फक्त तोंड उघडून द्यायचो, बाकी बोलायचे ते.

एकदा रखमाजीनं रेडिओवरची गाणी भरून घ्यायला कोरी कॅसेट लावली आणि चुकून भलतंच बटण दाबलं. गाणी भरलीच नाहीत. भरलं ते घरातलं बोलणं. दोघं पडवीत टोमॅटो निवडत बसली होती. कुठला क्रेट वर ठेवायचा, गाय कधी विणार, आणि पंखा आणायला गेलेला माणूस टेप कसा घेऊन आला, हे सगळं दोन्ही बाजूंना भरलं गेलं. नंतर ऐकल्यावर रखमाजीला पुसून टाकायचं होतं. अंजनानं पुसू दिलं नाही.

मग टीव्ही आला. माझ्या पोटात जळलं, खोटं कशाला बोलू. पण टीव्हीपुढंही माणसं एकत्रच बसायची, मालिकेतल्या सासवांना शिव्या घालायची, रिमोटवरून भांडायची. भांडायला तरी तोंड लागतं. त्यानंतर मोबाईल आले. पहिल्यांदा घरात एक आला, मग मुलाला, भरतला एक, सून हर्षाली आली ती आपला घेऊन आली, शेवटी अंजनालाही एक मिळाला. आता जेवताना एखादं हसतं आणि का हसलास म्हणून बाकीचे विचारत नाहीत. नात श्रेया पाच वर्षांची आहे. ती मोबाईलवरच्या कार्टूनकडून बोलायला शिकली. भाकरी नको असली की "मुझे नहीं चाहिए" म्हणते. घरात तिच्याशी मराठीत बोलायला तीन माणसं आहेत, तरीही.

सहा वर्षांपूर्वी रखमाजी गेला. शेतात बसल्या जागीच गेला. त्यानंतर अंजना दुपारी मला जवळ घ्यायची, ती चुकून भरलेली कॅसेट लावायची आणि गहू निवडत बसायची. कधी कधी मधेच म्हणायची, "न्हाई वं, तो क्रेट खालीच व्हता." मला तेव्हा बरं वाटायचं.

ही गोष्ट बिघडली ती गेल्या नवरात्राच्या तोंडावर. आमच्याकडं घट बसायच्या आधी सगळं घर बाहेर काढतात. भांडी, गोधड्या, डबे, पेट्या, सगळं अंगणात येतं आणि धुतल्या-पुसल्याशिवाय आत जात नाही. अंजना गोधड्या घेऊन नदीला गेली होती. हर्षाली एकटी माळा झाडत होती. त्यात लसूणवाल्याचा भोंगा आला. माळ्यावर कॅसेटींची एक धुळीनं माखलेली पिशवी होती; माझ्या पोटातली ती कॅसेटही सकाळीच अंजनानं काढून तिच्यात ठेवली होती. हर्षालीनं ती दिली आणि अर्धा किलो लसूण घेतला.

संध्याकाळी अंजनानं पिशवी शोधली. मग लसूण पाहिला. मग जे बोलली ते सगळ्या वस्तीनं ऐकलं. हर्षालीच्या माहेरचा उद्धार झाला, घोडेगावात मुलींना काय शिकवतात याचा उद्धार झाला. ती कॅसेट लागायची तेव्हा हर्षाली आपल्या मोबाईलमध्ये असायची; त्या पिशवीत काय होतं ते तिला माहीतच नव्हतं. ती रडली, चिडली आणि म्हणाली, "जुनं भंगार तर होतं." त्या एका वाक्यानंतर अंजना गप्प झाली. हर्षालीही कमी नव्हती, तीही गप्प झाली.

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका चुलीवरची भाकरी खाणाऱ्या दोन बाया एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. निरोप श्रेया पोचवायची. "श्रेया, तुज्या आईला सांग, दूध उतू चाललंय." श्रेया चार पावलं जाऊन सांगायची, "मम्मी, आजी बोल रही है दूध." तोपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं. भरत मधे पडायला गेला तर दोघींनी त्यालाच धारेवर धरलं. तोही मोबाईलची बोंडं कानात घालून गाणी ऐकत बसायला लागला.

माझं कॅसेटचं पोट आता रिकामंच होतं. फक्त रेडिओ चालायचा आणि तो लावायला कुणी नव्हतं.

माघात समोरचा ऊस तोडला गेला. उसात राहणारा बिबट्या उघड्यावर आला. आमच्या जुन्नर तालुक्यात याचं नवल कुणाला वाटत नाही. पण त्यानं गेणभाऊचं कुत्रं नेलं तेव्हा वस्ती घाबरली. वनखात्याची माणसं आली, पत्रकं वाटली. अंधार पडल्यावर एकटं फिरू नका, वाकून बसू नका, मोठ्यानं बोलत राहा, निदान रेडिओ तरी लावा. भरतनं एवढं शेवटचंच लक्षात ठेवलं. मोठ्यानं बोलायला माणसं लागतात आणि आमच्या घरात ती सोय नव्हती.

त्यानं मला फडताळातून काढलं, गोठ्यात खुंटीला टांगलं आणि लाइटची वायर जोडली. शेळ्यांना त्यानं आधीच जाळी मारली होती. "आता ह्यो राखण करील," म्हणाला. दिवस मावळला की माझं बटण दाबायचं आणि आत जायचं.

शेणाच्या वासात का होईना, मला पुन्हा आवाज मिळाला. मी ओरडून ओरडून बातम्या दिल्या, गाणी म्हटली. पहिले काही दिवस बिबट्या पलीकडच्या उरलेल्या उसापर्यंत यायचा, माझा आवाज ऐकून थबकायचा आणि मागं फिरायचा. मी फुशारलो. रखमाजी असता तर त्यानं गावभर सांगितलं असतं.

मग एके दिवशी तो मागं फिरला नाही. बांधावर बसला. दुसऱ्या दिवशी बांध उतरून उकिरड्याच्या मागं आला. माझ्यापासून दहा हातांवर. पुढचे पाय लांब करून बसला आणि कान माझ्याकडं केले. शेतीचा कार्यक्रम लागला होता. त्यानं तो पूर्ण ऐकला. निवेदक बदलला की त्याचे कान हलायचे, गाणं लागलं की शेपटीचं टोक हलायचं.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मला ते आवडलं. रखमाजीनंतर इतकं मन लावून मला कुणी ऐकलं नव्हतं. आठ दिवस तो रोज आला आणि आठ दिवस मी त्याच्यासाठी गायलो. तो काय शिकत होता ते माझ्या लक्षात आलं नाही. हा आवाज जागचा हलत नाही, दगड मारत नाही, काठी घेऊन धावत नाही, एवढं त्यानं हेरलं. आणि ज्या घरात माणसं आहेत तिकडून तर आवाजच येत नाही, हेही त्यानं हेरलं.

नवव्या दिवशी भरत श्रेयाला घेऊन नारायणगावला डॉक्टरकडं गेला होता, तिला ताप होता. घरात फक्त दोघी. निरोप न्यायलाही कुणी नाही, त्यामुळं घर दुपारपासून मुकं होतं. दिवेलागणीला हर्षाली भांडी घेऊन अंगणातल्या नळावर आली. दगडापाशी वाकून बसली, कानात बोंडं घातली आणि घासायला लागली. अंजना आत कॉटवर होती.

बिबट्या आला. उकिरड्याजवळ थांबला नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. माझ्यासमोरून सरळ गेला आणि पाण्याच्या टाकीच्या मागं दबा धरून बसला. टाकीच्या या बाजूला हर्षालीची पाठ होती. मधे चार पावलं.

मी काय करत होतो? द्राक्षावरच्या भुरी रोगाची माहिती देत होतो. फवारणी सकाळच्या वेळी करावी, असं सांगत होतो. आतून माझं सगळं ओरडत होतं, पोरी ऊठ, मागं बघ. आणि तोंडातून निघत होतं की औषधाचं प्रमाण पाकिटावर पाहावं. अर्धा तास मी भुरीवर बोललो आणि अर्धा तास तो टाकीमागं तिची पाठ बघत बसला. असं जिणं वैऱ्यालाही नको.

तेवढ्यात लाइट गेली. माझं वाक्य अर्ध्यात तुटलं. घराला इन्व्हर्टर आहे, तिथला दिवा तसाच राहिला, अंगणातलाही राहिला. गोठ्याची वायर थेट लाइनवर, म्हणून गप्प झालो तो मी एकटा. हर्षालीला काही कळलं नाही, तिच्या कानात तिचं गाणं चालू होतं.

पण अंजनाला कळलं. पस्तीस वर्षांच्या ओळखीचा आवाज थांबला की झोपेतही कळतं. ती कॉटवरून उठली. "टेप का बंद पडला?" म्हणाली, कुणाला उद्देशून ते तिचं तिला माहीत. शेळ्यांच्या काळजीनं दारात आली. आणि तिला टाकीमागची पाठ दिसली, ठिपक्यांची.

पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्दच निघाला नाही. चार महिने ज्या नावाला तिनं कुलूप लावलं होतं ते नाव लगेच कसं निघेल. नुसता घोगरा आवाज आला. मग निघालं.

"हर्षाली! ए हर्षाली! ऊठ माजे बाय, ऊठ तितनं!"

हर्षालीला ऐकू गेलं नाही. ऐकलं ते बिबट्यानं. त्यानं मान वळवली. अंजना अनवाणी अंगणात धावली, हाताला लागलेली परात उचलून तिनं टाकीवर आपटली आणि तेच नाव ओरडत राहिली. बिबट्या एका झेपेत बांधापलीकडं गेला आणि उसात शिरला.

परातीच्या दणक्यानं हर्षाली वळली. तिला बिबट्या दिसलाच नाही. तिला दिसली परात उगारून धावत येणारी सासू. तिनं राखेचे हात डोक्यावर धरले.

"मारू नका आत्या. मी काय केलंय?"

अंजनाच्या हातातून परात पडली. ती तिथंच नळाच्या चिखलात बसली, सुनेला कवेत घेतलं आणि रडली. मी खुंटीवरून बघत होतो. माझा आवाज असता तरी मी काही बोललो नसतो.

तासाभरात वस्ती जमली. भरत आला. गेणभाऊनं निकाल दिला, "टेप बंद पडला आन् त्यानं डाव साधला." सगळ्यांनी माना हलवल्या. वनखात्याचा गार्ड मात्र टाकीमागं उकिडवा बसून बॅटरीनं माती बघत होता.

"हा आत्ता आलेला न्हाई," तो म्हणाला. "माती बघा कशी दबलीय. अर्धा तास तरी बसलाय हितं."

"पर टेप तर तवा चालू व्हता," भरत म्हणाला.

"टेपला सरावला असंल. माणूस बोलायला लागलं तर सहसा थांबत न्हाई तो." गार्डनं वर बघितलं. "घरात तुमी दोघी व्हता ना? मंग बोलत नव्हता काय?"

अंजना पदराशी चाळा करत राहिली. हर्षाली चपलेकडं बघत होती. चार महिने बोललो नाही, हे परक्या माणसाला कसं सांगणार.

माणसाला खरं कळलं तरी नवीन वस्तू आणल्याशिवाय चैन पडत नाही. तिसऱ्या दिवशी भरत भला मोठा काळा स्पीकर घेऊन आला. त्यात कार्ड घालायचं, आणि दर अर्ध्या मिनिटानं सायरन वाजतो, निळे दिवे लागतात. माझी वायर त्याला गेली आणि मी गोणीत आलो. मला वाईट वाटलं ते माझ्यासाठी नाही. हाही जागचा हलत नाही, म्हणून वाटलं.

त्या प्रसंगानंतर दोघी सासू-सुना संध्याकाळी अंगणात सोबत बसायला लागल्या होत्या. फार नाही, पण बोलायच्या. लाकडं ओली आहेत, श्रेयाचा ताप उतरला, इतपत. स्पीकर आला आणि त्या सायरनमध्ये एकमेकींचं ऐकू येईना. दोन दिवसांनी हर्षालीनं पुन्हा बोंडं कानात घातली. अंजना पुन्हा आत जाऊन बसली. गोणीच्या विणीतून मला बांध दिसतो. परवा संध्याकाळी त्या बांधावर काहीतरी बसलेलं होतं. कान स्पीकरकडं होते.

बाबांनो, तुमच्या माळ्यावर, फडताळात माझे भाऊबंद असतील. त्यांना जपा असं मी म्हणणार नाही. खुशाल भंगारात द्या. पण आमच्या भरवशावर घर मुकं ठेवू नका. आम्ही तुमचं बोलणं सुरू करून द्यायला आलो होतो, तुमच्या जागी बोलायला नाही.

आज संध्याकाळचं सांगतो आणि थांबतो. हर्षाली भांडी घेऊन नळावर बसली. सायरन चालू होता. अंजना आतून आली ती सरळ गोठ्यात गेली. स्पीकरचं कुठलं बटण दाबायचं ते तिला कळेना, तिनं वायरच उपटली. मग येऊन नळाजवळच्या पायरीवर बसली, बांधाकडं तोंड करून.

"काढ ते कानातलं," म्हणाली. "आन् बोल."

हर्षालीनं बोंडं काढली. "काय बोलू, आत्या?"

"काय बी बोल. पर गप नगं बसू."

हर्षालीनं एक पातेलं घासून पालथं घातलं, दुसरं हातात घेतलं. मी गोणीत जीव मुठीत धरून होतो. मग हर्षाली भांड्याकडं बघतच म्हणाली, "त्या कॅसेटींत काय व्हतं, मला खरंच ठाऊक नव्हतं. पिशवी जड लागली, लसूण जास्त देईल, एवढंच आलं डोक्यात. चुकलं माझं."

अंजना बांधाकडंच बघत राहिली. तिचा पुन्हा अबोला सुरू होतो की काय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला.

"माजं बी तोंड लई सुटलं त्या दिवशी," ती शेवटी म्हणाली. "त्यात काय व्हतं, ऐकायचंय तुला?"

"ऐकायचंय."

"मंग ऐक. आदी मी तुज्या सासऱ्याला म्हणते, पंखा आणाया गेला आन् टेप घिऊन आला, अशा माणसाला काय म्हणावं. तवर हे म्हणत्यात, त्यो क्रेट खाली ठेव..."

ती सांगत सुटली. स्वतःचं सांगताना स्वतःच्या आवाजात, रखमाजीचं सांगताना आवाज जाड करून. दोन ठिकाणी तिनं क्रम चुकवला. मला सगळी कॅसेट पाठ आहे, पण मी टोकत नाही. हर्षाली एकदा हसली. श्रेया येऊन आजीच्या मांडीला टेकली आणि "फिर?" म्हणाली, तर अंजना म्हणाली, "मंग काय झालं, असं म्हण," आणि ती तसं म्हणाली.

बांधापलीकडं उसाची पानं हलतायत आणि आज वारा नाही. अंजनाची पहिली बाजू संपत आलीय. बाई, दम खायला थांबू नको, लगेच उलटी करून दुसरी बाजू लाव.